एकट्याने न सुटणारी दारू

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहर, ११ मे १९३५. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल येरझाऱ्या घालतो आहे. ज्या व्यवहारासाठी तो येथे आला तो फसला आहे, पैसे संपत आले आहेत आणि दालनाच्या एका टोकाच्या बारमधून माणसांचे आवाज कानावर येत आहेत. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले आहेत. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि शहरातील चर्चची यादी आहे. तो फोनकडे वळतो.

त्याला त्या वेळी उपदेशक नको होता, डॉक्टरही नको होता. त्याला दुसरा दारुडा हवा होता. न्यूयॉर्कमध्ये त्याने अनेकांना दारूतून बाहेर काढण्याची खटपट केली होती. त्यांपैकी एकही टिकला नाही, पण त्या खटपटीत बिलने स्वतः थेंबालाही हात लावला नव्हता, हे त्याची पत्नी लोइस हिने त्याच्या लक्षात आणून दिले होते.

एका धर्मगुरूने दिलेल्या नावांवरून शोध घेत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या घरी डॉ. रॉबर्ट स्मिथ यांना भेटला. पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाही, असे पत्नीला बजावून आलेले हे शल्यविशारद रात्री अकरानंतर उठले. दारू शरीराचे काय करते हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. शिवाय ते दोन वर्षांहून अधिक काळ प्रार्थनासभांना नेमाने जात होते. तरीही दारू सुटत नव्हती. बिलने त्यांना एकही सल्ला दिला नाही. त्याने फक्त स्वतःची कहाणी सांगितली, आणि आपल्यासारखाच बुडालेला माणूस डॉक्टरांना प्रथमच भेटला.

‘मनावर घे, सुटेल,’ असे आपल्याकडे घरोघरी प्रेमाने सांगितले जाते. परंतु ज्या मनावर घ्यायचे ते मनच व्यसनाने ताब्यात घेतलेले असते, आणि निर्धार मोडला की माणसाला व्यसनापेक्षाही स्वतःची लाज अधिक खाते. हा सल्ला आपण थांबवला पाहिजे, असे आम्हांला मनापासून वाटते.

डॉक्टर मध्ये एकदा घसरले. त्यांच्या शेवटच्या पेल्याची तारीख १० जून १९३५ मानली जाते, आणि या दोघांच्या भेटीतून उभी राहिलेली, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना तोच आपला स्थापनादिन समजते. १९३९ मध्ये छापल्या गेलेल्या तिच्या दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांपैकी पहिल्या पायरीवर माणूस दारूपुढे आपले काही चालत नाही अशी कबुली देतो, तर दुसरीवर आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवतो. तिसऱ्या पायरीत देवाचे नाव येते, पण ‘जसा आम्हांला उमगला तसा’ या शब्दांसह. त्या शब्दांमुळे नास्तिकालाही आत येता आले.

डॉक्टर सावरल्यावर काही दिवसांतच दोघे मिळून अ‍ॅक्रनच्या रुग्णालयात तिसऱ्या माणसाच्या खाटेपाशी जाऊन बसले. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही नव्याने दाखल झालेल्या रुग्णाशी बोलणाऱ्यांमध्ये असे अनेक कार्यकर्ते असतात, जे कधीकाळी स्वतः तेथे रुग्ण म्हणून आले होते.