बोटं हलतायत की, मग हाड कसं मोडेल?

(कॅमेऱ्यासमोर उजवा हात धरून)

"अहो, बोटं हलतायत की! मग हाड कसं मोडेल?" पडलेल्या माणसाला घेऊन चार जण येतात, त्यातला एक तरी हे म्हणतोच. नमस्कार मंडळी. मी सोलापुरात फिजिओथेरपी करते, आणि या एका वाक्यानं किती मनगटं वाया घालवली ते बघितलंय. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू असतात इथं, कोपराच्या खाली. तिथून दोऱ्या निघतात आणि मनगटावरून बोटांत जातात. हाड मोडलं तरी दोऱ्या शाबूत असतात. बोटं हलणारच!

आमच्या गल्लीतल्या एक काकू विड्या वळतात. न्हाणीत पाय घसरला, हात टेकून पडल्या. मनगट टम्म सुजलं. कुणीतरी तेल लावून चोळलं, ओढून 'बसवून' दिलं. माझ्याकडे आल्या नवव्या दिवशी. एक्स-रे काढला, तर रेडियस मोडलेलं. भूल देऊन परत बसवावं लागलं. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईचे नऊ दिवस चोळण्यात गेले.

रेडियस म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं जाड हाड. पडताना आपण तळवा पुढे करतो, सगळं वजन तिथं येतं. बाजूनं पाहिलं तर हात कधी कधी पालथ्या काट्याच्या चमच्यासारखा वाकडा दिसतो. डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलेस यांनी १८१४ मध्ये हे मोडणं लिहून ठेवलं, एक्स-रेच्या शोधाआधी ८१ वर्षं. पण सगळ्यांचं असं वाकडं होत नाही. लहान पोराचं हाड तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखं असतं, नुसतं दुमडतं. हात सरळ दिसतो, पोरगं मात्र हात लावू देत नाही. साठीनंतरचं हाड म्हणजे आपली कडक भाकरी. कट्‌कन!

आता माझ्याबरोबर करा. अंगठा वर ताणा, ठेंगा दाखवतो तसा. मुळाशी दोन दोऱ्या ताठ झाल्या, मध्ये खळगा पडला. दिसला? जुनी माणसं तपकिरीची चिमूट इथंच ठेवायची, आणि डॉक्टरांच्या पुस्तकातही याचं नाव तपकिरीची डबीच आहे. पडल्यानंतर इथं दाबून दुखलं, तर सावध व्हा. खाली स्कॅफॉइड नावाचं काजूसारखं हाड आहे. त्याला रक्त येतं ते बहुतेक बोटांकडच्या टोकातून, उलटं. मधोमध तडकलं की कोपराकडचा तुकडा उपाशी राहू शकतो, मग सांधत नाही. गाडी घसरलेल्या तरण्या पोरांत हे जास्त. आणि खरी गोम पुढे आहे. पहिल्या एक्स-रेत ही तड बऱ्याचदा दिसतच नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणून दुसऱ्या दिवशी बॅट धरणारे महाभाग आहेत! खळगा दुखत असेल तर आधार बांधून ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासतात. गरज वाटली तर एमआरआय.

घरी काय करायचं? सर्वांत आधी अंगठी, पाटल्या, बांगड्या काढा. सूज चढली की निघत नाहीत. हिरवी काचेची असेल तर बायका कचरतात. अहो, वाढवा ती! नवी भरता येते, बोट भरता येत नाही. मग जाड पुठ्ठा किंवा गुंडाळलेला पेपर कोपरापासून तळव्यापर्यंत ठेवा, बोटं मोकळी सोडून बांधा आणि ओढणीनं हात गळ्यात अडकवा. वाकडा असेल तर वाकडाच बांधायचा. फडक्यात बर्फ, १५-२० मिनिटं. चोळणं, शेकणं, ओढणं नाही.

मग एक नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. नाही झालं, बोटं गार किंवा निळी पडली, बधिर झाली, किंवा जखमेतून हाड दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. सकाळची वाट बघायची नाही. प्लॅस्टर घातल्यावर दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतच गेलं, तरीही हेच.

रेडियसचं प्लॅस्टर साधारण सहा आठवडे. तेवढे दिवस बोटं उघडा-मिटा, खांदाही फिरवा. हात गळ्यात तसाच ठेवून खांदा आखडलेले कितीतरी येतात. आणि पन्नाशीनंतर साध्या घसरण्यानं मनगट मोडलं असेल, तर हाडांची घनता तपासून घ्या. पुढचा नंबर खुब्याचा लागू नये.

काकूंचं प्लॅस्टर निघालं तेव्हा मूठ अर्धीच वळत होती. मी कोमट पाण्यात स्पंज पिळायला सांगितला. त्यांना कंटाळा आला. म्हणाल्या, "त्यापेक्षा पानच वळते की." कात्री धरायला अजून अवकाश आहे. पण आता रोज दुपारी भिजवलेलं तेंदूचं पान घेऊन बसतात आणि तंबाखू न भरता नुसतं वळतात. काल सुपात वीस रिकाम्या विड्या होत्या.