पट्टी नको, दोरा घ्या

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ'. सूत्र सांगणारच आहे, पण आधी एक तक्रार ऐकून घ्या.

माझ्या भाचीला सातवीच्या पेपरात मुंबई ते न्यूयॉर्क सर्वांत जवळचा हवाई मार्ग नकाशावर काढायचा होता. तिने सुट्टीत पृथ्वीच्या गोलावर शिवणाचा दोरा ताणून बघितला होता. तोच मार्ग तिने काढला: मुंबईहून वर अफगाणिस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून पुढे, आइसलँड ओलांडून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी, आणि तिथून खाली. मोठी कमान. गुण शून्य, शेरा 'पट्टी वापरावी'. पट्टीची रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते आणि भरते सुमारे 14,200 किलोमीटर. पोरीचा दोरा भरतो साधारण 12,500. म्हणजे जवळजवळ दोन तासांचं इंधन वाचवणारं उत्तर चूक ठरलं! मी शाळेत गेलो, तर म्हणाले, "नकाशात तर सरळच दिसतंय."

अहो, ज्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, त्यावर पट्टी ठेवायची? आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे. ध्रुवांकडचा भाग सपाट कागदावर ताणला जातो, म्हणून तिकडून जाणारा जवळचा रस्ता लांबचा वाटतो. हात वर करा बरं, शाळेत पृथ्वीचा गोल स्वतः फिरवून कुणी कुणी बघितलाय? कपाटावर ठेवलेला लांबून बघितला असेल तर तो धरायचा नाही. बघा, चारच हात. प्रत्येक वर्गात एक गोल आणि एक रीळ, एवढीच माझी मागणी आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो. मुंबई 19 अंश उत्तर, 73 पूर्व, लंडन 51.5 उत्तर, रेखांश शून्य धरा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, हे मिळवा. बेरीज येते 0.427. हा ज्या कोनाचा कोसाइन तो कोन 64.7 अंश. एका अंशाला 111.2 किलोमीटर, म्हणजे 7,200.

आता वेळ. ताशी 900 धरून आठ तास, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर. पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, म्हणून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजाराहून जास्त किलोमीटरने वाढलं, 15,300 झालं, तरी पाठीवर वारा घेऊन ते साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा लवकर. हवाई हद्द बंद असेल तर वळसा वेगळा धरायचा. 2019 मध्ये पाकिस्तानने ती महिनोन्‌महिने बंद ठेवली होती.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तो फरक आधी काढा, आणि धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळही त्यातच धरलेला असतो हे लक्षात ठेवा. गोल आणि दोरा इथे टेबलावर ठेवलाय, आपापलं गाव शोधून ताणून बघा.