पोटगीची फाईल

सकाळचे साडेदहा. तालुक्याच्या कोर्टाचा व्हरांडा. बाकावर जागा उरली नाही म्हणून काही बायका पायऱ्यांवरच टेकल्यात. मांडीवर पिशवी, पिशवीत फाईल. पुकारा होईपर्यंत कोणी पाण्यालाही हलत नाही. नाव हुकलं की पुढची तारीख.

ही जुनी फाईल बघा. लाल नाडी, तपकिरी पडलेल्या कडा, आणि आतल्या आदेशात आकडा : दरमहा ५०० रुपये. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची तेव्हा तेवढीच कमाल मर्यादा होती. नवरा कितीही कमावता असो, मॅजिस्ट्रेटला त्यापुढे जाता येत नसे. १९९९ मध्ये महाराष्ट्राने आपल्यापुरती ही मर्यादा १५०० केली. दरमहा हात पसरण्याऐवजी एकरकमी पोटगी मागायची सोयही बायकोला दिली. आपल्या राज्याने हे केंद्राच्या आधी केलं, याची आठवण ठेवायलाच हवी. २००१ मध्ये केंद्राने मर्यादाच काढून टाकली. घटस्फोट झालेली बाईही, पुन्हा लग्न करेपर्यंत, या कलमाखाली पोटगी मागू शकते. २०२४ पासून हेच कलम नव्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १४४ झालंय.

आता हे शपथपत्र. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली दाखल झालेला एक अर्ज लढत लढत सर्वोच्च न्यायालयात पोचला. ४ नोव्हेंबर २०२० ला निकाल आला : नवरा-बायको दोघांनीही मिळकत, कर्ज, खर्च सगळं शपथेवर लिहून द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. या ताईंनी खर्चाच्या रकान्यात दूध, गॅस, शाळेची रिक्षा, सासरहून आणलेल्या शिलाई मशीनची दुरुस्ती, असं एकेक लिहिलंय. समोरच्याच्या कागदावर उत्पन्नापुढे एकच शब्द आहे, 'मजुरी'. ताईंच्या मोबाईलमध्ये त्याच्या दुकानाच्या पाटीचा फोटो आहे. तो त्यांनी तीनदा उघडून दाखवला.

आदेश झाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. थकबाकीचा वसुली अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो. मग वॉरंट. तरीही भरले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे बाहेर बसलेल्या कितीजणींना कोणी सांगितलेलंच नसतं.

ताईंच्या मोठ्या मुलीचं कॉलेज मधेच सुटलं.

पुकारा झाला. त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पुढची तारीख तळहातावर पेनाने लिहिलेली होती.