मागच्या दरवाजावर कोण?

(ठाण्यातल्या छंदप्रेमींच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांनी लहानपणी दिवाळीला किल्ला केला असेल. आमचा नौपाड्यातल्या चाळीच्या अंगणात असायचा. त्यावरची मातीची चित्रं जांभळी नाक्याला घ्यायची. एका वर्षी मी महाराज आणि चार मावळे निवडले, तर विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "किल्ला केवढा केलायस रे?" मी हात पसरून दाखवले. "मग चौघांत काय होतंय? मागच्या दरवाजावर कोण उभं राहणार?" मी धावत घरी, आईकडे पैसे मागायला.

ब्रायन अ‍ॅन्सेल यांनी हाच प्रश्न धंदा म्हणून विचारला.

डिसेंबर २०२३मध्ये ते गेले. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचे. आधी अ‍ॅसगार्ड नावाने धातूच्या छोट्या मूर्ती काढल्या, मग गेम्स वर्कशॉप या खेळांच्या कंपनीच्या साथीने जवळच्या न्यूअर्कला सिटाडेल ही मूर्तींची कंपनी उभी केली. तेव्हा गिऱ्हाईक मुख्यतः 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणारं. त्या खेळात एका खेळाडूला एक पात्र पुरतं. एक योद्धा, एक मांत्रिक, समोर दोन-चार राक्षस, झाली खरेदी.

आता साच्याचं गणित बघा. रबराची जाड गोल चकती, दोन भागांत. यंत्रावर ती गरागरा फिरते, मधल्या भोकातून वितळलेला धातू ओतायचा. फिरण्याच्या जोराने तो कडेच्या पोकळ्यांत, पार भाल्याच्या टोकापर्यंत जातो. एका फेरीत मूठभर सैनिक पडतात. खरा खर्च मूळ मूर्ती घडवण्याचा आणि साच्याचा. तो एकदा झाला की चार विकण्यापेक्षा चाळीस विकण्यातच शहाणपण. म्हणून अ‍ॅन्सेल यांनी रिक प्रीस्टली आणि रिचर्ड हॅलिवेल यांना नियम लिहायला बसवलं. लोकांनी याच मूर्तींच्या पलटणी मांडून लढावं, असे नियम. १९८३ साली तो खेळ 'वॉरहॅमर' म्हणून आला.

खेळ आधी सुचतो, मग सोंगट्या येतात, असं आपण धरून चालतो. इथे माल आधी होता. काहींना हे ऐकून खेळाची किंमत उतरल्यासारखं वाटतं. मला नाही वाटत. मावशींनी मला फसवलं नव्हतं. मागचा दरवाजा खरोखरच उघडा होता!

पुढे गेम्स वर्कशॉपचा कारभारच अ‍ॅन्सेल यांच्या हाती आला. त्यांनी तो लंडनहून नॉटिंगहॅमला हलवला, आणि लंडनची बरीच मंडळी मागे राहिली. कंपनीच्या 'व्हाइट डवार्फ' या मासिकात पूर्वी इतरांच्या खेळांवरही भरपूर लिहून यायचं. हळूहळू ते घरच्याच मालाचं झालं. दुकानदार म्हणून बरोबर असेल, पण वाचक म्हणून मला ते खटकतं. १९९१मध्ये कंपनी व्यवस्थापनातल्या लोकांनी विकत घेतली आणि अ‍ॅन्सेल बाहेर पडले.

नंतरचं त्यांचं घर म्हणजे वॉरगेम्स फाउंड्री ही मूर्तींची कंपनी. ऐतिहासिक मूर्तींचा मोठा खजिना. त्यात १८५७चेही शिपाई आहेत. त्यांच्या यादीत त्याला 'इंडियन म्युटिनी' म्हणतात. आपण काय म्हणतो ते ठाण्यात सांगायला नको.

त्यातले थोडे मी आणले आहेत. सहा रंगवलेत, बाकीचे अजून नागडे, चंदेरी. रंगवलेल्यांतल्या दोघांच्या अंगावर पांढुरकी साय दिसेल. जुलैत, भर पावसात, गॅलरीत उभं राहून वॉर्निशचा स्प्रे मारला, त्याचं हे फळ. दमट हवेत वॉर्निश असं धुरकटतं. ऑक्टोबरपर्यंत थांबायला हवं होतं.

न रंगवलेला एखादा उचला आणि खांद्यापासून खाली नख फिरवा. बारीक रेघ लागेल. साच्याचे दोन भाग तिथे मिळाले होते. ती कानशीने घासून काढायची. आळस केला तर रंगानंतर जास्तच उठून दिसते.

डबा फिरवतो. हातात घेऊन बघा, फक्त संगिनीला धरू नका, लगेच वाकते.