डर्बन ते ईस्ट लंडन: मधे थांबायला जागा नाही

फोटोतला हा काटा बघा. बॅरोमीटरचा, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्राचा. चार दिवस झाले, या यॉटवरचे दोघं सकाळ-संध्याकाळ काचेवर टिचकी मारतात, आकडा वहीत लिहितात आणि परत चहा ठेवतात. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या धक्क्यावर येणारे-जाणारे विचारतात, हवा एवढी मस्त, निघत का नाही?

हवा मस्तच आहे हो, पण काटा उतरतोय, म्हणजे वादळ येतंय. इथून ईस्ट लंडन साधारण २५० सागरी मैल आणि मधे यॉट शिरेल असं एकही बंदर नाही. नद्यांची मुखं आहेत, वरून फार सुंदर दिसतात, पण ती पांढरी रेघ दिसतेय ना, ती वाळूच्या दांड्यावर फुटणारी लाट आहे.

आता चार्टवरची, म्हणजे सागरी नकाशावरची, ही पेन्सिलची रेघ. २०० मीटर खोली. हिच्या आसपास अगुल्हास हा किनाऱ्यालगत वाहणारा सागरी प्रवाह सगळ्यात जोरात असतो, चार-पाच नॉटपर्यंत (म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल), नैर्ऋत्येकडे, म्हणजे आपल्याला जायचंय तिकडेच. सहा नॉटची बोट नऊ-दहानं पळते, फुकटात. पण समोरून नैर्ऋत्येचं वादळ आलं की याच प्रवाहावर लाटा उभ्या चढतात आणि लाटेपुढे खड्डा पडतो. १९०९ मध्ये वाराटा नावाची आगबोट २११ माणसं घेऊन डर्बनहून निघाली, ती आजवर सापडलेली नाही.

म्हणून आधी नैर्ऋत्येचा वारा येऊन जाऊ द्यायचा. तो आला की काटा चढतो, चढत जातो, मग थबकतो, वारा मंदावतो, आणि तेव्हा दोर सोडायचे, म्हणजे पुढे पाठीवर ईशान्येचा वारा मिळतो. पुढचं वादळ यायला कधी दोन दिवस, कधी एकच. लवकर आलंच तर पेन्सिलच्या रेघेच्या आत, किनाऱ्याकडे सरकायचं, तिथे प्रवाह नरम असतो. परतीचं विमान आधीच बुक करून इथे येणाऱ्यांना हे कोण सांगणार!

पाचव्या दिवशी काटा थबकला. दोर सुटले. हे डॉल्फिन दुपारचे.

आणि ही दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, बफेलो नदीचं तोंड, ईस्ट लंडन. दोर बांधून झाले, शिडं गुंडाळायची बाकी आहेत. पुढचं बंदर १३० मैलांवर, आणि दोघांतली ती आधी आत गेली, काचेवर टिचकी मारायला.