उइगच्या वाळूतला राजा

स्कॉटलंडच्या वायव्येस, अटलांटिकचा वारा अंगावर घेणाऱ्या लुईस बेटावर, उइगच्या किनाऱ्याकडे जाताना आर्डरोइल गावाजवळ लाकडात कोरलेला एक प्रचंड राजा मांडीवर तलवार आडवी धरून बसलेला दिसतो. आजूबाजूला राजवाडा नाही की नगरचौक नाही. आहे ते फक्त गवत, वाळू आणि समुद्र. हा ज्या राजाचा पुतळा आहे, तो मूळचा वीतभरही उंच नाही, कारण तो बुद्धिबळाच्या पटावरचा आहे.

१८३१ साली याच परिसरात सापडलेल्या ठेव्यातील ९३ वस्तू संग्रहालयांत पोहोचल्या. त्यांत बुद्धिबळाची ७८ मोहरी होती. बहुतेक मोहरी वॉलरसच्या सुळ्यांतून, तर काही देवमाशाच्या दातांतून कोरलेली आहेत. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बहुधा नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे घडवली गेली असावीत, आणि तेव्हा लुईस बेटही नॉर्वेच्याच सत्तेखाली होते.

या मोहऱ्यांचे चेहरे पाहावेत. आपल्याकडे जिथे वजीर असतो, तिथे इथे राणी आहे, आणि ती गालावर हात टेकून कसल्याशा काळजीत बुडाली आहे. उंटाच्या जागी धर्मगुरू बसला आहे. हत्तीच्या जागी पायदळाचा रक्षक उभा आहे, आणि त्यांतले काही तर आवेशाने स्वतःच्या ढालीची कड दातांनी चावत आहेत. आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने बोटभर सुळ्यात इतकी माणसे जिवंत करावीत, हे प्रत्येक वेळी नव्याने थक्क करते. प्यादी मात्र बिनचेहऱ्याची आहेत. ती नुसत्या उभ्या दगडांसारखी दिसतात.

आज ८२ वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ११ एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. लंडनच्या संग्रहातील सहा मोहरी दीर्घ मुदतीसाठी लुईसवरच्या स्टॉर्नोवे येथील संग्रहालयात ठेवली आहेत, आणि आमच्या मते त्यांना तिथेच पाहणे सर्वांत उचित आहे.

१९६४ साली एडिंबरोतील एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने पाच पौंडांना एक छोटा योद्धा विकत घेतला, आणि त्याच्या घरच्यांनी तो पुढे कित्येक वर्षे एका खणात जपून ठेवला. २०१९ साली तो लुईसचाच रक्षक असल्याची ओळख पटली आणि लंडनमधील लिलावात त्याला ७,३५,००० पौंड मिळाले.

ही सगळी मोहरी चार पटांची आहेत असा हिशेब धरला, तर प्यादी वगळता एक घोडा आणि असेच तीन रक्षक अजून सापडायचे आहेत.