नेलपॉलिशचा वास

(दृश्य : रात्रीचा सराफा)

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद होतात आणि खाण्याची उघडतात. गराडू, भुट्ट्याचा कीस, घट्ट शिकंजी. सकाळी पुन्हा पोहे-जिलबी आहेच. गरजेपेक्षा जास्त झालेल्या साखरेची यकृत चरबी करतं आणि त्यातली काही स्वतःतच साठवतं. पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी दिसली की रिपोर्टवर येतं ‘फॅटी लिव्हर’. आमच्याकडे कुणी दारूला शिवत नाही, असं सांगणाऱ्या घरांतसुद्धा.

(दृश्य : रामबागेतलं घर, मुगाचं पाणी गाळणारे हात)

या घरातल्या सासूबाईंची वजन कमी करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली आहे. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. उरते केळ्याएवढी नळी. त्याआधी दोन आठवडे भात, पोळी, साखर जवळजवळ बंद होती. फुगलेल्या यकृताचा डावा भाग जठरावर आलेला असतो. तो आकसला की शस्त्रक्रियेसाठी पोटात घातलेल्या दुर्बिणीला वाट मिळते.

घरी आल्यावर सुनेच्या लक्षात आलं : “आई, तुमच्या तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येतोय.”

तो वास ॲसिटोनचा. यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो जेमतेम १०० ग्रॅम. पातळ पदार्थांच्या चार घोटांवर तो दिवस-दोन दिवसांत संपतो. मग अंगातली चरबी सुटते, यकृत तिचे केटोन बनवतं (ॲसिटोन त्यांतलाच एक) आणि मेंदूसुद्धा त्यांच्यावर चालतो. हे केटोसिस. चरबी साठवणारं यकृतच आता ती जाळायला लागलेलं असतं.

अशा वेळी शेजारच्या काकू हमखास म्हणतात, “अहो, अशक्तपणा आलाय, ग्लुकोजचं पाणी द्या!” प्रेमच ते. पण अशा पोटातून साखरेचं पाणी झरकन आतड्यात उतरतं. काहींना घाम फुटतो, छातीत धडधडतं, जुलाब होतात. खरी गरज प्रथिनांची, दिवसाला किमान ६० ग्रॅम, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. लघवीतले केटोन दाखवणारी पट्टी गडद झाली म्हणून खूश होणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

(दृश्य : गोळ्यांचा डबा)

मधुमेह असेल तर मात्र याच वासाकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी त्या थांबवतात आणि पुन्हा कधी सुरू करायच्या हे डॉक्टर ठरवतात. जेवण तुटपुंजं असताना त्या चालू राहिल्या तर केटोन इतके वाढू शकतात की रक्त आम्लधर्मी होतं. फसवी गोष्ट अशी की ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा चढलेला नसतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर ‘शुगर तर ठीक आहे’ म्हणून घरी थांबू नये. रक्तातले केटोन तपासून घ्यावेत.

आणि उलट्या थांबतच नसतील तर जीवनसत्त्व बी-१ संपत आलेलं असू शकतं. त्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढलं तर मेंदूला इजा होण्याची भीती असते. बी-१ आधी द्यावं लागतं. म्हणून इमर्जन्सीत पोहोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा : वजनाचं ऑपरेशन झालंय, अमुक तारखेला, आणि या गोळ्या चालू आहेत.